औषधाची घडण

सोलापूर म्हटलें कीं चादर आणि टॉवेल डोळ्यांपुढें येतात, आणि तें योग्यच आहे. परंतु या शहराच्या आसपास गेल्या तीन-साडेतीन दशकांत आणखी एक धंदा वाढला आहे, आणि त्याचा माल दुकानांत मांडलेला दिसत नसल्यामुळें त्याची वार्ता फारशी कोणाच्या कानीं जात नाहीं. तुळजापूरच्या रस्त्यावर तामलवाडी येथें आणि पुण्याच्या रस्त्यावर चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतींत रसायनांचे कारखाने आहेत. बालाजी अमाइन्स ही सोलापूरची कंपनी १९८८ सालीं स्थापन झाली. अमोनियापासून निघणारीं अमाइन वर्गाचीं रसायनें ती तयार करते. त्यांपैकीं एकाचें नांव डायमिथाइल अमाइन हायड्रोक्लोराइड. नांव लांबलचक असलें तरी पदार्थ साधा, पांढरा, मिठासारखा आणि हवेंतील ओल शोषून घेणारा असा आहे. मधुमेहाच्या रोग्यास रोज घ्यावी लागणारी मेटफॉर्मिनची गोळी ज्या दोन पदार्थांच्या संयोगानें बनते, त्यांपैकीं हा एक होय.

मेटफॉर्मिन हें नांव आज पुष्कळ घरांत परिचयाचें झालें आहे. जेवणाबरोबर ती गोळी घेणारे आजोबा, मावशी किंवा काका बहुतेक गोतावळ्यांत निघतात. त्याच घरांत एखादा शेजारी अगर नातलग सांगत असतो कीं, “हीं सारीं केमिकलें, यांनीं मूत्रपिंडें बिघडतात. त्यापेक्षां एखादा पाला घ्या. तो निसर्गाचा, त्यापासून अपाय नाहीं.” हा सल्ला आपुलकीचा असतो, परंतु त्यावर विसंबून औषध सोडणारा मनुष्य आपले डोळे, पाय आणि जीं वांचवावयाचीं तीं मूत्रपिंडेंच धोक्यांत घालतो. उलट, गोळी कारखान्यांत तयार झाली, डॉक्टरांनीं एकदां लिहून दिली, आतां वर्षानुवर्षें तीच चालूं ठेवावी, तपासणीची काय जरूरी, असें म्हणणारेहि भेटतात. या दोघांची चूक एकाच ठिकाणीं आहे. औषध झाडापासून आलें कीं कारखान्यांतून, हा प्रश्न दुय्यम होय. त्याच्या रेणूची घडण कशी आहे, त्याची मात्रा किती आहे आणि शरीरांत गेल्यावर त्याचें पुढें काय होतें, हे प्रश्न मुख्य आहेत. या प्रश्नांचा पद्धतशीर विचार करणारें जें शास्त्र, त्यास औषधी रसायनशास्त्र म्हणतात. आणि त्याचीं मूलतत्त्वें समजावून घेण्यास मेटफॉर्मिनच्या इतिहासाइतकें सोयीचें उदाहरण क्वचितच सांपडेल.

कुलूप आणि किल्ली

पदार्थाचे गुण राखणारा त्याचा लहानांत लहान कण म्हणजे रेणु, आणि रेणु हा अणूंच्या जोडणीनें बनतो. कर्ब, नत्र, प्राणवायु, हायड्रोजन अशा मोजक्या मूलद्रव्यांच्या अणूंपासून असंख्य रेणु तयार होतात. त्यांच्यांतील फरक अणूंच्या जातींत व संख्येंत असतो, तसाच तो कोणता अणु कोणास आणि कोणत्या बाजूनें जोडला आहे, यांतहि असतो. शरीरांतील पेशींवर व पेशींच्या आंत प्रथिनांचे मोठमोठे रेणु असतात आणि त्यांच्या अंगावर विशिष्ट आकाराच्या खांचा असतात. त्या खांचेंत बरोबर बसणारा लहान रेणु आला, म्हणजे एखादें कार्य सुरू होतें किंवा थांबतें. १८९४ सालीं एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें या नात्यास कुलूप-किल्लीची उपमा दिली, ती अद्यापि उपयोगाची आहे.

सोलापूरच्या माणसास हीच गोष्ट जेकार्डच्या मागावरून अधिक चटकन पटेल. चादरीवर फूल उठावें कीं मोर, हें विणकराच्या हातावर अवलंबून नसतें. पुठ्ठ्याच्या पट्टीवर छिद्र कोठें पाडलें आहे, त्यावर तें ठरतें. छिद्र असेल तेथला धागा उचलला जातो, नसेल तेथला खालीं राहतो. एक छिद्र सरकलें कीं नक्षी बिघडते. रेणूमध्यें एका अणूची जागा बदलली तर शरीरांतील ‘नक्षी’ अशीच बदलते. मात्र उपमेची मर्यादा ध्यानांत ठेविली पाहिजे. पट्टी एकाच मागावर चढवितात. औषधाचा रेणु रक्ताबरोबर सर्व शरीरभर फिरतो आणि हवें तें कुलूप उघडतांना नको असलेलींहि चार कुलपें चाचपून पाहतो. औषध आणि विष यांतील पुष्कळसें अंतर याच गोष्टींत आहे.

फिशरचा समकालीन पॉल एर्लिख यानें हा विचार रोगोपचारास लावला. शरीरास न दुखवितां केवळ रोगजंतूवर जाऊन आदळणारा रेणु घडवितां यावा, अशी त्याची आकांक्षा होती. त्याच्या प्रयोगशाळेंत सोमलाचीं शेंकडों संयुगें एकामागून एक तयार करून तपासण्यांत आलीं आणि १९०९ सालीं त्यांपैकीं ६०६ या क्रमांकाचें संयुग उपदंशावर गुणकारी ठरलें. पुढील वर्षीं तें साल्व्हर्सान या नांवानें बाजारांत आलें. या शोधांतून जी कार्यपद्धति निघाली, तीच आजहि या शास्त्राचा कणा आहे. कांहींतरी गुण दाखविणारा एक रेणु प्रथम हातीं यावा लागतो. मग त्याचा एक भाग बदलावयाचा, नवा रेणु तपासावयाचा, गुण वाढला कीं घटला आणि विषारीपणा वाढला कीं घटला याची नोंद करावयाची, आणि त्या नोंदीवरून पुढील बदल ठरवावयाचा. औषधाची योजना म्हणजे अशा शेंकडों लहान पावलांची वाटचाल होय.

एका रोपट्यापासून आरंभ

मधुमेहाचा परिचय भारतीय वैद्यकास फार जुना आहे. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धांवतात, हें निरीक्षण चरकसंहितेंत नोंदलेलें आहे. परंतु रक्तांतील द्राक्षशर्करा उतरविणारा खात्रीचा उपाय १९२१ सालापर्यंत कोणत्याच देशांत नव्हता. त्या वर्षीं कॅनडांतील टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं इन्शुलिन वेगळें काढलें आणि पुढील वर्षापासून तें रोग्यांस मिळूं लागलें. मात्र इन्शुलिन हें प्रथिन आहे. तें पोटांत घेतलें तर डाळींतील प्रथिनाप्रमाणें पचून जातें. म्हणून तें सुईनेंच टोंचावें लागलें. तोंडानें घेतां येईल अशा लहान, टिकाऊ रेणूची गरज कायम राहिली.

असा रेणु शोधण्याची एक वाट युरोपांतील गॅलेगा नांवाच्या रोपट्यापासून निघाली. वाटाण्याच्या कुळांतील हें रोपटें तिकडील लोकवैद्यकांत पूर्वापार वापरलें जात असे. आणि तेंच चरण्यांत आलें तर मेंढ्या मरतात, हेंहि शेतकऱ्यांस ठाऊक होतें. रसायनशास्त्रज्ञांनीं त्याचें पृथक्करण केलें तेव्हां त्यांत ग्वानिडिन व त्याचा भाईबंद गॅलेजिन हे नत्रयुक्त पदार्थ सांपडले. १९१८ सालीं प्राण्यांवरील प्रयोगांत असें दिसून आलें कीं ग्वानिडिनमुळें रक्तांतील शर्करा उतरते. परंतु तें इतकें विषारी होतें कीं औषध म्हणून देणें शक्य नव्हतें. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. गुण आणि विष, दोन्हीं त्या रोपट्यांत एकत्रच होतीं. ‘निसर्गाचें म्हणून निरुपद्रवी’ हें म्हणणें गॅलेगा खाऊन मेलेल्या मेंढीपुढें टिकत नाहीं.

रसायनशास्त्रज्ञांपुढें प्रश्न असा होता कीं, ग्वानिडिनची गुणकारी घडण ठेवून त्याचें विष कमी करतां येईल काय? पहिला मोठा प्रयत्न १९२६ सालीं जर्मनींत झाला. दहा कर्बांच्या एका लांब साखळीच्या दोन टोकांस ग्वानिडिनचे दोन गट जोडून सिंथालिन नांवाचें औषध करण्यांत आलें. शर्करा उतरली, पण यकृतास इजा होऊं लागली आणि तें औषध मागें पडलें.

दुसरा मार्ग ग्वानिडिनचे दोन गट लांब साखळीवांचून, एकच नत्र सामाईक ठेवून, एकमेकांस भिडविण्याचा होता. अशा जोड रेणूस बायग्वानाइड म्हणतात. त्याच्या एका टोकास दोन लहान मिथाइल गट बसविले म्हणजे मेटफॉर्मिन होतें. मौज अशी कीं हा रेणु १९२२ सालींच डब्लिन येथें व्हर्नर व बेल या दोघा रसायनशास्त्रज्ञांनीं तयार केला होता, आणि १९२९ सालीं जर्मनींत सशांवरील प्रयोगांत त्याचा शर्करा उतरविण्याचा गुणहि दिसला होता. परंतु इन्शुलिनच्या कीर्तीपुढें त्याकडे कोणीं लक्ष दिलें नाहीं. पुढें १९५७ सालीं जाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरानें तें मधुमेहाच्या रोग्यांस देऊन आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हां त्याची खरी ओळख जगास झाली. म्हणजे रेणु जन्मल्यापासून त्याचें औषध होईपर्यंत पस्तीस वर्षें गेलीं. चांगला रेणु तयार करणें निराळें आणि तो चांगला आहे हें कळणें निराळें, हा धडा यांतून मिळतो.

दोन भावंडांची कथा

याच सुमारास मेटफॉर्मिनचें एक भावंडहि बाजारांत आलें. त्याचें नांव फेनफॉर्मिन. दोघांचा मूळ सांगाडा एकच. फरक इतकाच कीं मेटफॉर्मिनच्या टोकास दोन लहान मिथाइल गट आहेत, तर फेनफॉर्मिनच्या टोकास दोन कर्बांचा दुवा आणि त्यापुढें सहा कर्बांचें एक कडें आहे. शर्करा उतरविण्याच्या कामीं फेनफॉर्मिन अधिक जोरकस होतें, आणि म्हणून प्रथम कित्येक ठिकाणीं तेंच अधिक चाललें.

परंतु तें सहा कर्बांचें कडें तेलकट स्वभावाचें असतें. पेशीचें व तिच्या आंतील शक्तिकेंद्रांचें आवरण स्निग्ध असल्यामुळें असा रेणु त्यांत सहज शिरतो आणि तेथील ज्वलनक्रियेस अडथळा करतो. ज्वलन अपुरें झालें म्हणजे दुग्धाम्ल सांचतें. शिवाय फेनफॉर्मिनचा निचरा होण्यास यकृतानें त्यावर क्रिया करावी लागते, आणि ही क्रिया कांहीं माणसांत जन्मतःच मंद असते. अशा माणसांत औषध सांचत जाई, रक्त आम्ल होई आणि त्यांतून रोगी दगावत. अमेरिकेंत १९७७ सालीं तें बाजारांतून काढण्यांत आलें; भारतांत २००३ सालीं त्यावर बंदी आली.

मेटफॉर्मिनचा रेणु उलट जलप्रिय आहे. स्निग्ध आवरणांतून तो आपोआप घुसत नाहीं. पेशींच्या दारावरील वाहक प्रथिनांनीं आंत घेतला तरच जातो. आंतड्यांतून शोषलें गेलेलें मेटफॉर्मिन रक्तावाटे प्रथम यकृताकडे जातें, आणि यकृतांत अशीं वाहकें पुष्कळ असल्यामुळें जेथें शर्करानिर्मितीस आळा घालावयाचा, तेथें तो नेमका पोंचतो. यकृत त्याचें रूपांतर करीत नाहीं. मूत्रपिंडांवाटे तो जसाच्या तसा बाहेर पडतो. पेशींतील नेमकें कोणतें कुलूप तो फिरवितो, याविषयीं शास्त्रज्ञांत अद्यापि चर्चा चालूं आहे. परंतु यकृतांतून रक्तांत येणारी जादा शर्करा तो कमी करतो, याविषयीं दुमत नाहीं. १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील दीर्घ अभ्यासांत, स्थूल रोग्यांना मेटफॉर्मिन दिलें असतां मधुमेहामुळें येणारे मृत्यु कमी होतात, असें आढळलें.

आतां घरांतील त्या प्रश्नाचें उत्तर देतां येतें. मेटफॉर्मिन मूत्रपिंडें बिघडवितें, हें म्हणणें खरें नाहीं. मात्र तें मूत्रपिंडांच्याच वाटेनें बाहेर जात असल्यामुळें, अन्य कारणानें मूत्रपिंडें दुबळीं झालीं असतील तर तें रक्तांत सांचतें. मग याच सौम्य भावंडापासूनहि दुग्धाम्लाचा धोका संभवतो. म्हणून डॉक्टर क्रिएटिनिनची तपासणी करवितात, मूत्रपिंडांची गाळण्याची शक्ति कमी झाली तर मात्रा उतरवितात, आणि ती फारच घटली तर औषध बंद करतात. दीर्घकाळ घेणाऱ्यांत ब जीवनसत्त्वांपैकीं बी-१२ कमी पडूं शकतें, म्हणून त्याचीहि अधूनमधून चौकशी करावी लागते. गोळी सोडणारा आणि तपासणी टाळणारा, दोघेहि हीच वाट न पाहिल्यामुळें फसतात.

कारखान्यांतील बेरीज

रेणु कागदावर आंखला म्हणजे औषध झालें असें नव्हे. तो मणामणांनीं, स्वस्त व शुद्ध तयार करतां आला पाहिजे. मेटफॉर्मिनची कृति या दृष्टीनें नमुनेदार आहे. प्रथम मिथेनॉल व अमोनिया यांची वाफ तापलेल्या उत्प्रेरकावरून नेतात. अमोनियाच्या रेणूंत एका नत्रास तीन हायड्रोजन असतात. त्यांपैकीं एक, दोन किंवा तिन्ही हायड्रोजनांच्या जागीं मिथाइल गट येतात. अशा रीतीनें तीन निरनिराळीं अमाइनें एकदम तयार होतात आणि उर्ध्वपातनानें तीं वेगळीं करावीं लागतात. यांतील दोन मिथाइल गटांचें तें डायमिथाइल अमाइन. तें वायुरूप असतें व त्यास कुजक्या मासळीसारखा वास येतो. हायड्रोक्लोरिक आम्लाशीं संयोग झाला म्हणजे त्याचा पांढरा, हाताळण्यास सोपा क्षार बनतो. हाच तो आरंभीं उल्लेखिलेला पदार्थ. त्यास डायसायनडायअमाइड नांवाच्या दुसऱ्या पांढऱ्या भुकटीबरोबर तापविलें म्हणजे मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड तयार होतें.

या संयोगाचें गणित शाळेंतील मुलासहि करतां येईल. पहिल्या पदार्थाचा रेणुभार ८१·५, दुसऱ्याचा ८४·१, बेरीज १६५·६. मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइडचा रेणुभार नेमका तितकाच आहे. म्हणजे दोन रेणु एकमेकांस पुरे जोडले जातात, एकहि अणु वायां जात नाहीं. हें औषध स्वस्त राहण्याचें एक कारण या बेरजेंत आहे. गोळीवर जे ५०० मिलिग्रॅम लिहिलेले असतात, ते या क्षाराचे असतात. त्यांत खुद्द मेटफॉर्मिन सुमारें ३९० मिलिग्रॅम भरतें, उरलेला भाग हायड्रोक्लोरिक आम्लाचा. हें आम्ल भेसळ म्हणून आलेलें नसतें. क्षाररूपांत औषध चांगलें स्फटिकमय होतें, टिकतें आणि पाण्यांत लवकर विरघळतें, म्हणून तें मुद्दाम जोडलेलें असतें.

परंतु बेरीज कागदावर शुद्ध असली तरी कढईंत ती तशीच राहील, याची हमी नसते. डायमिथाइल अमाइनचा अंश शिल्लक राहिला आणि त्याची नायट्राइटच्या अंशाशीं गांठ पडली, तर एन-नायट्रोसोडायमिथाइल अमाइन नांवाचा पदार्थ तयार होऊं शकतो. कर्करोगास कारण होऊं शकणाऱ्या द्रव्यांत त्याची गणना होते. २०१९ सालच्या डिसेंबरांत सिंगापूरच्या आरोग्य खात्यानें मेटफॉर्मिनच्या तीन उत्पादनांत हा पदार्थ मर्यादेबाहेर आढळल्यामुळें तीं परत मागविलीं; २०२० सालीं अमेरिकेंतहि हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्यांच्या बाबतींत तसेंच करावें लागलें. तो पदार्थ प्रत्येक ठिकाणीं याच एका वाटेनें आला असें म्हणतां येत नाहीं. परंतु ही वाट रसायनशास्त्रास चांगली ठाऊक आहे. त्याची स्वीकार्य मर्यादा दिवसास ९६ नॅनोग्रॅम ठरलेली आहे. ५०० मिलिग्रॅमच्या एका गोळीचे सुमारें ५२ लाख भाग केले, तर त्यांतील एका भागाएवढें हें वजन होय. इतकें सूक्ष्म मोजमाप करणारीं यंत्रें व तीं चालविणारे प्रामाणिक हात, हाहि औषधनिर्मितीचाच भाग आहे. त्या वेळीं रोग्यांना दिलेला सल्लाहि ध्यानांत ठेवण्यासारखा आहे : डॉक्टरांस विचारल्यावांचून गोळी बंद करूं नये, कारण अनियंत्रित मधुमेहाचा धोका प्रत्यक्ष आणि मोठा होता.

कुलूप पाहून किल्ली

मेटफॉर्मिनच्या कथेंत किल्ली आधीं सांपडली आणि कुलपाचा शोध अद्यापि चालूं आहे. अलीकडे याच्या उलट क्रमानेंहि जातात : प्रथम शरीरांतील कुलूप ओळखावयाचें आणि मग त्याच्या मापाची किल्ली घडवावयाची. मधुमेहाच्याच क्षेत्रांत याचें सुंदर उदाहरण आहे. सफरचंदाच्या झाडाच्या सालींतून १८३५ सालीं फ्लोरिझिन नांवाचा पदार्थ काढण्यांत आला. तो दिला असतां मूत्रावाटे शर्करा बाहेर पडते, असें १८८६ सालीं दिसून आलें. त्याचें कारण मात्र फार पुढें समजलें : मूत्रपिंडें गाळलेली शर्करा ज्या वाहक प्रथिनांच्या साह्यानें परत रक्तांत घेतात, त्यांनाच फ्लोरिझिन अडवितें. कुलूप ओळखलें गेलें. पण फ्लोरिझिन ही किल्ली तोंडानें घेण्याजोगी नव्हती. तिच्यांतील शर्करेचा भाग एका प्राणवायूच्या अणूनें उरलेल्या रेणूस जोडलेला असतो, आणि आंतड्यांतील पाचक द्रव्यें नेमका तोच सांधा तोडतात. रसायनशास्त्रज्ञांनीं तो प्राणवायु मधून काढला आणि कर्बास कर्ब थेट जोडला. तो सांधा आंतड्यांस तोडतां येईना. या मार्गानें जीं औषधें निघालीं, त्यांपैकीं डापाग्लिफ्लोझिनला युरोपांत २०१२ सालीं परवानगी मिळाली. एका अणूच्या फरकानें सालींतील रसाची गोळी झाली.

अशा नव्या रेणूंवर शोधकाचा हक्क असतो, आणि त्याचा परिणाम घरखर्चावर होतो. भारताच्या १९७० सालच्या पेटंट कायद्यानें औषधांच्या बाबतींत केवळ कृतीवर हक्क मान्य केला होता, पदार्थावर नव्हे. त्यामुळें तोच पदार्थ निराळ्या कृतीनें करण्याची मुभा येथील रसायनशास्त्रज्ञांस मिळाली आणि त्यांतून देशांत स्वस्त औषधांचे कारखाने उभे राहिले. २००५ सालापासून पदार्थावरहि हक्क मिळूं लागला. डापाग्लिफ्लोझिनचा मूळ हक्क भारतांत २०२० सालीं संपला आणि मग अनेक देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारांत आल्या. येथील कारखान्यांनीं आजवर मुख्यतः कृतींत प्राविण्य मिळविलें; नवा रेणु योजण्याचें काम त्या मानानें थोडें झालें आहे. तें वाढावें अशी इच्छा असेल, तर त्याची तयारी शाळा-महाविद्यालयांतच व्हावयास हवी.

शिकूं इच्छिणारांसाठीं

ही तयारी वाटते तितकी दुर्घट नाहीं. मॅट्रिकच्या पुढें गेलेल्या विद्यार्थ्यानें प्रथम कर्बाच्या संयुगांचे नेहमींचे गट ओळखावयास शिकावें : कोणता गट पाण्याकडे ओढला जातो, कोणता तेलाकडे, कोणता आम्लाशीं संयोग पावतो. नंतर अन्ननलिका, यकृत व मूत्रपिंडें यांचें कार्य शारीरशास्त्राच्या पुस्तकांतून समजावून घ्यावें. मग घरांतील एखाद्या औषधाचें मूळ नांव घेऊन त्याच्या रेणूची आकृति वहींत काढावी आणि तिला चार प्रश्न विचारावे : हा रेणु शरीरांत शिरतो कसा? तो कोठें जाऊन काम करतो? किती वेळ टिकतो? आणि बाहेर कोणत्या वाटेनें पडतो? मेटफॉर्मिन व फेनफॉर्मिन यांच्या आकृत्या शेजारीं शेजारीं ठेवून हे प्रश्न सोडविले, तर या शास्त्राचा पहिला पाठ पुरा झाला असें समजावें.

सोलापुरास १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, २००४ पासून विद्यापीठ आहे आणि अमाइनांचे कारखाने तर शिवेवरच आहेत. रोगी, रेणु आणि त्यांचा अभ्यास करणारी शाळा इतकीं जवळजवळ सर्वच गांवांत नसतात. आणि ज्यास या शास्त्रांत शिरावयाचें नाहीं, त्या गृहस्थानें निदान इतकें करावें कीं, घरांतील वडील माणसांस गोळी सोडावयास किंवा चालूं ठेवावयास सांगण्यापूर्वीं, ती बाहेर कोणत्या वाटेनें जाते आणि ती वाट मोकळी आहे कीं नाहीं, हें डॉक्टरांस विचारावें आणि वर्षांतून निदान एकदां ती वाट तपासून घ्यावी.